अकरा नंबरची दुसरी जर्सी

"जर्सी काढ," आपटे साहेब म्हणाले.

मॅच संपून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. कतारमधल्या मेसईदच्या कंपनी कॉलनीतला बंदिस्त हॉल. एसी चालू, तरी माझ्या अंगातून धारा लागलेल्या. फायनल आम्ही जिंकलो होतो. आमचे पॉइंट एकसष्ट, त्यातले चौतीस माझे. मला वाटलं, साहेबांना आठवण म्हणून जर्सी पाहिजे असेल. मन येडं असतं. काहीतरी चांगलंच वाटून घेतं.

मी काढली. आत बनियन नव्हतं. उघडा उभा राहिलो, स्कोअरच्या टेबलासमोर. साहेब लोकांच्या बायका होत्या, पोरं होती. मी दोन्ही हात छातीवर घेतले.

पटवर्धन साहेब स्टँडमधून खाली आले. प्लॅनिंगचे इंजिनिअर. पूर्ण मॅच ते वर बसून थर्मासमधला चहा पीत होते, गुडघ्याला पट्टा बांधून. जर्सीच्या पाठीवर नाव त्यांचं होतं. पटवर्धन, नंबर अकरा. टुर्नामेंटच्या कागदावर नाव त्यांचं, टेबलावर दाखवलेलं ओळखपत्र त्यांचं. खेळलो होतो मी.

मी जर्सी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला.

"नको नको. ओली आहे ती."

आणि बॅगेतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. पाकिटात घडी घातलेली कोरी जर्सी. पाठीवर पटवर्धन. नंबर अकरा.

दोन शिवल्या होत्या! पहिल्या दिवसापासून दोन. एक घाम गाळायला, एक फोटोला. शिवायला टाकतानाच कुणीतरी शांत डोक्यानं हिशेब केला होता, की ह्याच्या अंगातली आपल्या माणसाच्या अंगात घालायची वेळ यायला नको.

पटवर्धन साहेबांनी ती घातली, केसांवरून कंगवा फिरवला आणि कपाचा एक कान धरला. दुसरा कान आपटे साहेबांनी.

"अरे, तू जरा बाजूला हो. फ्रेममध्ये येतोयस," आपटे साहेब म्हणाले.

सहा फूट चार इंच माणूस. कुठं होणार बाजूला? पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटमागे जाऊन उकिडवा बसलो. तिथून दिसलं मला. आपटे साहेबांनी माझी जर्सी दोन बोटांनी उचलली, पिशवीत टाकली, पिशवीला गाठ मारली आणि कुणालातरी म्हणाले, "ही वेगळी धुवायला सांग."

वेगळी. हा शब्द मला नवा नाही. विमानात बसून साडेतीन तास उडालो, समुद्र ओलांडला, आणि हा शब्द माझ्या आधी तिथं पोचलेला.

माझं नाव मी तुम्हाला आत्ता सांगणार नाही. आधी ऐका. आडनाव कळलं की तुमचं ऐकणं बदलतं. अनुभव आहे मला.

माझा बाप तालुक्याच्या कॉलेजात ग्राउंडवर शिपाई होता. मैदानावर चुन्याची फक्की मारायचं काम त्याचं. दोन खिळे ठोकायचे, सुतळी ताणायची आणि वाकून वाकून सरळ रेघ ओढायची. कोर्टाची एक-एक रेघ माझ्या बापाच्या हातची. रेघ ओढून झाली की तो बाहेर यायचा आणि लिंबाखाली बसायचा. खेळ सुरू झाल्यावर आत पाय ठेवायचा नाही. कुणी तसं सांगितलं नव्हतं त्याला. सांगायची गरजच नव्हती.

मी दहावीत सहा फूट. स्पोर्ट्सच्या सरांनी एकदा हाक मारली, "ए ताडमाड, इकडं ये. रिंगला हात लागतो का बघ." लागला. तिथून सुरुवात.

आई म्हणायची, "बाबू, खेळ, पण कुणाला शिवू नको. उगं भांडण व्हायचं." आणि सर ओरडायचे, "चिकट! अंगाला अंग लाव! तुझा श्वास लागला पाहिजे त्याला!" दोघांचं कसं ऐकणार? मी सरांचं ऐकलं. ज्यांच्या अंगणाच्या पुढं आम्हाला कुणी येऊ दिलं नाही, त्यांच्या पोरांच्या छातीला छाती लावून मी उभा राहायचो. त्यांना सरकायला जागा नसायची. मॅच संपली की माठावरचा पेला सगळ्यांना आणि मला ओंजळ. पण ती चाळीस मिनिटं मला लांब हो म्हणायची कुणाच्या बापाची टाप नव्हती. म्हणून मला हा खेळ आवडला. आरोग्यासाठी, व्यायामासाठी वगैरे नाही.

पुढं देशात एक लीग निघाली. त्याआधी आपल्याकडं बास्केटबॉल म्हणजे रेल्वेत नाहीतर पोलिसात चिकटायचं आणि त्यांच्यासाठी खेळायचं. खेळ हीच नोकरी, असं पहिल्यांदा झालं. देशातल्या त्या पहिल्या पगारी खेळाडूंमधला मी एक. ऐकलंय का कधी? नसणारच. कुणीच ऐकलं नाही. दोन सीझन चालली. मग एके दिवशी ऑफिसला कुलूप आणि मालकाचा फोन बंद.

पण त्या दोन सीझनमध्ये एकदा टीव्हीवर माझं नाव आलं. खालच्या पट्टीवर, दोन सेकंद. इंग्रजीत. आईला अक्षर येत नव्हतं. ती म्हणली, "कुठलं ते दाखव." बहिणीनं मोबाईलवर थांबवून दाखवलं, तर आईनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि ते बोट कपाळाला लावलं.

लीग बुडाली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा. डिग्री नाही. बाप वारलेला. एजंटानं कतारचा व्हिसा काढून दिला. काम स्कॅफोल्डिंगचं, म्हणजे आपली परांची बांधायची. उंच माणूस आहे, चढेल, असा विचार केला असेल त्यानं. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीन-साडेतीन वर्षं होती. जिकडं बघावं तिकडं क्रेन. आम्ही बरवा अल बराहा नावाच्या मजूर वसाहतीत राहायचो, पहाटे बसमध्ये बसायचो, पाइपांवर पाइप चढवायचो. तिथं दिवसभर हिंदी. दीड वर्षात माझ्याशी समोरासमोर कुणी मराठीत बोललं नव्हतं.

म्हणून एके दिवशी साइटवर खालून हाक आली, "मराठी ना रे तू?" तेव्हा मी वरच्या वर हेलावलो. पटापटा उतरलो. पांढरं हेल्मेट, पुण्याचा आवाज. आपटे साहेब. प्रोजेक्ट इंजिनिअर.

"बराहाच्या कोर्टवर खेळतोस म्हणे. कुठला तू?"

तालुका सांगितला.

"आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा," म्हणाले.

तो अच्छा मला पाठ आहे. तेवढाच लांब असतो, कुठंही जा. त्याच्यानंतर माणूस अर्धं पाऊल मागं सरकतो. साहेबही सरकले. पण काम अडलेलं होतं. कंपन्यांची टुर्नामेंट होती आणि फिलिपिनो लोकांची टीम दरवर्षी ह्यांना धुऊन काढत होती.

"टुर्नामेंट स्टाफची आहे. लेबरला एंट्री नाही," ते म्हणाले. "तू पटवर्धनच्या नावावर खेळ. फॉर्मॅलिटी आहे रे. नाव काय चाटायचंय?"

मी हो म्हणलं. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. मला खेळायचं होतं. चामड्याचा नवा बॉल, लाकडी फ्लोअर, बुटांचा तो आवाज. भुकेल्यापुढं कुणाचंही ताट ठेवा, तो खातो. तसं मी खाल्लं.

ताटावरून आठवलं.

फोटोच्या त्या दिवशीच, संध्याकाळी, दोह्यात अल नस्रला आपटे साहेबांच्या फ्लॅटवर टीमचं जेवण होतं. "तू पण चल," म्हणाले. मी खूष. पिशवीतला इस्त्रीचा शर्ट घातला. दारात चपलांची रांग होती, मी माझे बूट सगळ्यात शेवटी, भिंतीला लावून ठेवले.

आपटे वहिनी हसऱ्या होत्या. "तुम्हाला चालेल ना आमचं? सगळं व्हेज आहे हं. तुमच्यात वेगळं लागतं, माहितीये मला."

"चालतं की वहिनी."

मसालेभात, काकडीची कोशिंबीर, जिलबी. सगळ्यांना स्टीलची ताटं, वाट्या, काचेचे ग्लास. मला थर्माकोलची प्लेट.

"ताटं कमी पडली बघा," वहिनी म्हणाल्या.

उंच माणसाचा एक त्रास असतो, त्याला फळीच्या वरचंही दिसतं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ताटांची चळत होती. सात-आठ तरी. पुसून ठेवलेली.

"तुम्ही बाल्कनीत बसा, वारा आहे तिथं."

बाहेर बेचाळीस डिग्री. वारा कसला! एसीचं मशीन माझ्या मांडीशी गरम फुंकर मारत होतं. काचेपलीकडं ते, अलीकडं मी. पटवर्धन साहेब हातवारे करून शेवटचा बास्केट सांगत होते. "लास्ट मिनिटाला आम्ही लेफ्टनं आत घुसलो, आणि टाकला!" ऐकणारे माना डोलवत होते. सगळ्यांना माहीत होतं तो कुणी टाकला. तरी डोलवत होते.

साहेबांची मुलगी, असेल सहा-सात वर्षांची, कप मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, बट पटवर्धन अंकल डिडन्ट प्ले. दॅट काका प्लेड." आणि माझ्याकडं बोट केलं.

सगळे हसले. आपटे साहेब म्हणाले, "ही वॉज जस्ट हेल्पिंग अस, बेटा."

निघताना मी पाणी मागितलं. तिथं थर्माकोलचा पेला नसावा, वहिनींनी काचेचा ग्लास दिला. प्यायलो. मी बूट घालायला वाकलो तेव्हा आतलं दिसत होतं. वहिनींनी टिश्यू पेपरमध्ये तो ग्लास धरला आणि कचऱ्याच्या डब्यात सोडला. चांगला धडधाकट ग्लास. फुटल्याचा आवाज आला.

आणि मी काय म्हणलं माहीत आहे? "येतो वहिनी. जेवण लई छान होतं." असं म्हणलं मी. त्या बाईपेक्षा त्या दिवशी मला माझीच जास्त किळस आली.

पुढच्या वर्षी पुन्हा टुर्नामेंट आली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण ह्यांची गरज दरवर्षी उगवायची. मी पुन्हा पटवर्धन झालो. फायनलआधीच्या मॅचा जिंकत गेलो.

तेव्हा जोएल भेटला. फिलिपिनो. दुसऱ्या कंपनीत सेफ्टीचं काम करायचा आणि टुर्नामेंटला टेबलावर बसून स्कोअरशीट लिहायचा. एका शुक्रवारी सकाळी बराहाच्या कोर्टवर मी एकटाच बॉल टाकत होतो. तो आला आणि त्यानं फोन माझ्यासमोर धरला.

"ब्रदर, धिस यू?"

लीगचा जुना व्हिडिओ. कुठून शोधला देव जाणे. माझा डावा हात, माझी उडी. आणि खाली पट्टी. माझं नाव, आडनावासकट.

"यू वेअर प्रो! व्हाय यू प्ले पटवर्धन?"

मी हसलो. तो हसला नाही. म्हणला, मी शीट लिहितो, खोटं नाव लिहिताना मला बरं वाटत नाही. पण मी बोलायचं नाही, तू बोलायचं. मॅच संपायच्या आत सांगितलंस तर मी लिहीन. रेफरीची सही झाली की खलास, मग कुणी बदलू शकत नाही.

तो गेला. मी तिथंच बसून राहिलो. एका परक्या मुलखातल्या परक्या माणसानं माझं नाव शोधून काढलं होतं. आणि आपल्या भाषेतला माणूस ते पुसायला जर्सी शिवून घेत होता. माझ्या डोक्यात त्या दिवशी काहीतरी तडकलं.

दुसऱ्या दिवशी मी आपटे साहेबांच्या केबिनला गेलो. कारण मला एक गोष्ट कळली होती. आमच्या टीमच्या बेंचवर सावंत बसायचा. स्टोअरकीपरचा हेल्पर, कोकणातला, माझ्यासारखाच लेबर कॅटेगरीत. पण तो स्वतःच्या नावानं बसायचा. आपटे साहेबांनी त्याच्यासाठी एक पत्र दिलं होतं, की टुर्नामेंटपुरता ह्याला स्टाफ समजावं. एक कागद. चार ओळी. एवढ्यावर भागत होतं! मला कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेबांनी बस म्हणलं नाही. मी उभाच.

"साहेब, मलाबी एक पत्र द्या. सावंतला दिलं तसं. फायनल मी माझ्या नावानं खेळतो."

"सावंतची गोष्ट वेगळी आहे."

"काय वेगळी?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. आवाज एकदम मऊ केला. शाळेतले काही गुरुजी असाच करायचे.

"हे बघ. कप हेड ऑफिसच्या शोकेसमध्ये राहतो. खाली टीमची नावं कोरतात. मोठे लोक येतात, वाचतात. आपली माणसंही येतात. उगाच चर्चा होते. तू समजूतदार आहेस."

"कसली चर्चा, साहेब?"

"यल्ला, जा आता कामावर. आणि शुक्रवारी वेळेवर ये. तुझं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय ना? रिन्यूअलला सही माझी लागते."

बाहेर आलो. ऊन डोळ्यात घुसलं. घर माझ्या पगारावर होतं, आई आणि बहीण. सही त्यांची. नाव माझं. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं, एवढं स्वच्छ कळलं.

फायनलच्या बसमध्ये बसलो तेव्हासुद्धा माझं ठरलेलं नव्हतं. उगं मर्दानगी सांगत नाही. पोट आणि नाव यात पोट आधी बोलतं.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत परदेशी पाहुणे, कामगारांना कसं ठेवलंय ते बघायला आलेले. मोठा बॅनर, हसणाऱ्या कामगारांचे फोटो. माइकवाला म्हणत होता, आपण सगळे एक कुटुंब आहोत. त्या कुटुंबातले मजूर आम्ही पाच-पंचवीस, सगळ्यात मागं, उभे. मी तेवढा पुढं. पटवर्धन म्हणून.

समोर फिलिपिनो टीम. बुटकी, पण पाऱ्यासारखी. आम्ही पुढं, ते पुढं, असं चाललं. माझे सत्तावीस पॉइंट झाले. शेवटचे चाळीस सेकंद उरले. आम्ही एका पॉइंटनं मागं. मी आत घुसलो, त्यांच्या दोघांनी मला पाडलं. शिट्टी. मला दोन फ्री थ्रो. त्यांनी टाइमआउट घेतला.

बेंचवर आलो. आपटे साहेब सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या देत होते. माझ्या बाटलीवर काळ्या मार्करनं फुली मारलेली. चुकून माझी दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागू नये म्हणून. मागं पटवर्धन साहेब बसलेले. जॅकेट घातलेलं, पण चेन अर्धी उघडी आणि आत कोरी जर्सी. अत्तराचा वास येत होता. मॅच अजून संपली नव्हती आणि हा माणूस फोटोला तयार होता!

"दोन्ही टाक," आपटे साहेब माझ्या कानाशी म्हणाले. अंतर ठेवून. "मग बघ, रिन्यूअलचं मी बघतो."

मी लाइनवर गेलो. रेफरीनं बॉल दिला. माइकवर आवाज, "नंबर इलेव्हन, पटवर्धन, टू शॉट्स." स्टँडमध्ये टाळ्यांचा ठेका. पटवर्धन! पटवर्धन! वहिनी टाळ्या वाजवत होत्या. ती छोटी पोरगी तेवढी गप्प होती, माझ्याकडं बघत होती. मागं उभे असलेले आमचे लोकही ओरडत होते, पटवर्धन. त्यांना तेच नाव माहीत होतं माझं.

मी पायाखाली बघितलं. पांढरी रेघ. माझा बाप अशीच ओढायचा, वाकून. आणि त्या रेघेवर त्याचा पोरगा दुसऱ्याचा पोरगा होऊन उभा होता.

मी बॉल खाली ठेवला आणि टेबलाकडं चालत गेलो.

"जोएल, राइट."

जोएलनं पेन उचललं. "शुअर, ब्रदर? यू लूज एव्हरीथिंग."

"राइट."

एक-एक अक्षर सांगितलं. मोठ्यानं. आधी माझं नाव. मग बापाचं. मग आडनाव. आपल्याकडं नाव असंच सांगतात, बापाला मधे धरून. आणि मोज्यात ठेवलेलं माझं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. फोटो माझा. खाली धंदा लिहिलेला, स्कॅफोल्डर.

टाळ्यांचा ठेका विस्कटला. माइकवाल्यानं माइक खाली केला. रेफरीनं कार्ड बघितलं, शीट बघितली, मला बघितलं. जोएलला दोनदा विचारलं. मग शिट्टी मारली आणि दोन्ही हात आडवे केले. खोट्या नावाचा खेळाडू, मॅच बाद. नियमानं स्कोअर वीस-शून्य. शून्य आमचे. समोरची टीम उड्या मारायला लागली. त्यांना दोष नाही, त्यांना कप मिळाला.

आपटे साहेब धावत आले. पुण्याची भाषा वाटेतच गळून पडली होती.

"हरामखोर! घरी बोलावून जेवू घातलं तुला. खाल्ल्या मिठाला जागला नाहीस. शेवटी जात दाखवलीसच!"

हॉलमध्ये हे मराठी लोकांनाच समजलं. ते सगळे खाली बघायला लागले. बोलला चुकीचं म्हणून नाही, मोठ्यानं बोलला म्हणून.

"हो. दाखवली," मी म्हणलं. "आडनावासकट लिहून आलोय. वाचा जाऊन."

मग जर्सी काढली. ह्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं. घामानं निथळत होती. नेऊन पटवर्धन साहेबांच्या मांडीवर ठेवली.

"घ्या. तुमच्याच नावाची आहे."

"शी!" करून ते ताडकन उभे राहिले. गुडघा दुखतो म्हणणारा माणूस! जर्सी जमिनीवर पडली. कुणीच उचलेना.

स्टाफच्या बसनं मला घेतलं नाही. उघड्या अंगानं मी मेसईदच्या रस्त्याला उभा राहिलो. पाठ भाजून निघाली. शेवटी खताच्या कारखान्याची मजुरांची बस आली, ड्रायव्हर नेपाळी होता, त्यानं काही न विचारता दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चालेना. एचआरनं कागद पुढं केला. दुसऱ्याचं ओळखपत्र वापरून कंपनीची फसवणूक केली, म्हणून करार संपला. सोबत पटवर्धन साहेबांचं लेखी निवेदन. "माझं ओळखपत्र ह्या इसमानं माझ्या परस्पर वापरलं." साक्षीदार म्हणून आपटे साहेबांची सही. रिन्यूअलवर जी मिळणार होती, तीच सही. दोन वर्षं ज्यांनी मला पटवर्धन केलं, त्यांच्यातला एकही फुटला नाही. सावंतही नाही. तो बराहात रस्त्यात दिसला, तर मान वळवून गेला.

कॅम्पमधले म्हणले, "काय मिळालं? मोठा शहाणा." आईला फोन केला. सगळं सांगितलं.

ती म्हणली, "कशाला सांगितलंस रे बाबू? आम्हाला ठाऊक होतं की तुझं नाव."

तिच्यावर मी चिडलो नाही. तिनं आयुष्यभर असंच भागवलंय. पण मला तसं भागवायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

निघायच्या आधी जोएल आला. शीटची कार्बन कॉपी घेऊन, पिवळी. पटवर्धनवर आडवी काट आणि वर त्याच्या अक्षरात माझं पूर्ण नाव. पुढं सत्तावीस पॉइंटच्या खुणा, सगळ्या रद्द केलेल्या. खाली स्कोअर, वीस-शून्य. ती माझ्याकडं आहे.

आता मी गावाकडं आहे. वर्ल्ड कप आला नि गेला. चहाच्या हॉटेलात टीव्हीवर कतारची स्टेडियमं दाखवत होते, लोक वा वा करत होते. मी चहा पिऊन उठलो. घर बहिणीच्या शिलाई मशीनवर चाललंय. मला कॉलेजच्या ग्राउंडवर रोजंदारीवर घेतलंय, बापाच्या जागी. फक्की मारतो. रेघ ओढून झाली की बाहेर बसत नाही, आत जाऊन बॉल टाकतो. प्रिन्सिपॉलनी एकदा हटकलं. पुन्हा हटकलं नाही.

मागच्या महिन्यात शहरातून एक माणूस आला. कुठल्याशा कंपनीची टीम, स्पर्धा आहे, सेंटरला उंच माणूस पाहिजे. गाडीतून जर्सी घेऊनच उतरला. गोड बोलत होता. मी जर्सी हातात घेतली, उलटी केली आणि पाठ बघितली. दुसऱ्याचंच नाव.

"फॉर्मॅलिटी आहे हो," तो म्हणाला.

मी ती त्याच्या हातात परत दिली.

"नाव लिहून आणा," मी म्हणलं. "माझं, बापाचं आणि आडनाव. तिन्ही."

"एवढं मावत नाही हो पाठीवर."

"मग जर्सी राहू द्या. मी उघड्या पाठीनं खेळेन. नाव टेबलावर येऊन सांगेन, मोठ्यानं. लिहून घेणार असाल तर बोलवा."

तो गाडीत बसून निघून गेला. अजून बोलावणं नाही. नाही आलं तर नाही आलं. मी रोज सकाळी रेघ ओढतो आणि आत जातो. माझं नाव पाहिजे असेल तर तिथं या, कोर्टवर. तोंडावर विचारा. आडनावासकट सांगीन. आणि ते ऐकून जो अर्धं पाऊल मागं सरकेल, त्याच्या मागं मी पूर्ण पाऊल जाणार आहे. छातीला छाती लागेपर्यंत.